इंग्रजीत स्वतःची ओळख: पाठ करून की मुद्द्यांवरून?

कॅम्पस इंटरव्ह्यूची तारीख लागली की वर्गात दोन तट पडतात. काही जण मोबाइलवर सापडलेला परिच्छेद घोकत बसतात, काही जण चार मुद्दे डोक्यात ठेवून बोलायचं म्हणतात. (ऐनवेळी सुचेल ते बोलू म्हणणाऱ्यांना बाजूला ठेवू, ऐनवेळी इंग्रजी सुचत नसतं.)

पाठांतराला सरसकट नावं ठेवू नयेत. ज्यानं इंग्रजी आजवर फक्त पेपरात लिहिलं, त्याला सुरुवातीची काही वाक्यं तरी ते तारून नेतं. मजकूर आधी कुणाकडून तपासून घेता येतो, त्यामुळे 'मायसेल्फ अमोल' किंवा 'आय ॲम बिलाँग टू सांगली' तोंडून जात नाही. पण एक शब्द निसटला की गाडी अडते आणि मुलं पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. शिवाय 'हार्डवर्किंग', 'पंक्च्युअल', 'क्विक लर्नर' हे पॅनेलनं सकाळपासून प्रत्येकाकडून ऐकलेलं असतं.

मुद्द्यांवरून बोलताना व्याकरण घसरतं, मध्ये थांबावं लागतं. तरीही मला हाच मार्ग बरा वाटतो, कारण पॅनेलचा पुढचा प्रश्न बहुधा तुमच्या ओळखीतूनच निघतो. समजा, तासगावचा मुलगा, डिप्लोमा मेकॅनिकल, प्रोजेक्ट बेदाणा प्रतवारीच्या यंत्राचा. 'आय कम फ्रॉम तासगाव. वी मेक रेझिन्स ॲट होम. सो फॉर माय प्रोजेक्ट, आय बिल्ट अ स्मॉल ग्रेडिंग मशीन.' वाक्यं साधी आहेत, पण कुणी विचारलं की बेदाणा होतो कसा, तर द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर वाळवतात, हे त्यानं लहानपणापासून पाहिलंय. तिथे मोडकं इंग्रजीही चालून जातं. घोकलेल्या 'टीम प्लेअर'वर असा उपप्रश्न आला की बोलती बंद.

मुलाखत उद्यावर आली असेल तर पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं एक पाठ करा, मधलं मुद्द्यांवर सोडा. आठवडा हातात असेल तर रोज फोनवर रेकॉर्ड करून ऐका. मिनिट-दीड मिनिट पुरे. त्यात दीडशेच्या आसपास शब्द सावकाश बसतात. फोनवरच्या मुलाखतीत मुद्द्यांचा कागद खुशाल समोर ठेवा. व्हिडिओवर मात्र नको, वाचणाऱ्याचे डोळे लगेच कळतात.

आणि स्पर्धा परीक्षावाल्यांनी आधी भाषेचाच पर्याय तपासावा. एमपीएससीची मुलाखत मराठीतून देता येते. यूपीएससीची मुख्य परीक्षा मराठीतून लिहिली असेल, तर मुलाखतही मराठीतून मागता येते.