शांतता अभ्यासाची जागा: मूळ ग्रंथ वाचणारा घ्यावा की गावागावांत काम केलेला?

बहाई-प्रेरित विद्यापीठात, म्हणजे एकोणिसाव्या शतकात इराणमध्ये उदयाला आलेल्या बहाई धर्माच्या तत्त्वांवर चालणाऱ्या विद्यापीठात, शांतता अभ्यासाच्या प्राध्यापकाची बहुधा एकच जागा असते, आणि छाननी झाली की समितीच्या टेबलावर दोन गठ्ठे उरतात. पहिल्यात फारसी-अरबी जाणणारे, धर्मसंस्थापक बहाउल्लाह आणि त्यांचे पुत्र अब्दुल-बहा यांचं लेखन मुळातून वाचलेले अभ्यासक. दुसऱ्यात शांतता अभ्यासात किंवा समाजशास्त्रात पीएच.डी. केलेले, संघर्ष होऊन गेलेल्या गावांत राहून मुलाखती घेतलेले लोक. उमेदवार स्वतः बहाई आहे की नाही, हा प्रश्न वेगळा. दोन्ही गठ्ठ्यांत दोन्ही प्रकारची माणसं सापडतात. समित्या हे दोन प्रश्न एकत्र करतात आणि घोळ तिथेच सुरू होतो.

पहिल्या गठ्ठ्याला कमी लेखू नये. १७ डिसेंबर १९१९ची तारीख असलेलं अब्दुल-बहांचं हेगच्या शांतता संघटनेला लिहिलेलं पत्र घ्या. केवळ शांततेची इच्छा पुरत नाही. सार्वत्रिक शिक्षण, स्त्री-पुरुष समानता, पूर्वग्रहांचा त्याग हे सगळं सोबत हवं, असं ते एकेक मुद्दा घेत सांगतं. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ योहान गाल्टुंग यांनी नकारात्मक शांतता (नुसता हिंसेचा अभाव) आणि सकारात्मक शांतता (माणसांमधलं सहकार्य आणि एकात्मता) यांचा भेद मांडला तो १९६४मध्ये, म्हणजे पंचेचाळीस वर्षांनी. हे दोन मजकूर शेजारी ठेवून शिकवले की धर्मविचार आणि समाजशास्त्र एकमेकांशी खरंच बोलतात, हे विद्यार्थ्यांना डोळ्यांनी दिसतं. मूळ वाचणारा माणूस हे सहज करतो. इंग्रजी अनुवादात अमुक शब्द का आला, तोच शब्द दुसऱ्या पत्रात कोणत्या अर्थाने आहे, हे त्याला पाठ असतं. दुसऱ्या गठ्ठ्यातल्यांच्या अभ्यासक्रमात हे पत्र नसतंच. असलं तर पहिल्या आठवड्यात, प्रस्तावनेपुरतं.

पदवीच्या नावावरून चाळण लावू नका, एवढं मात्र इतिहास सांगतो. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठातल्या विश्वशांतीच्या बहाई अध्यासनाचे पहिले प्रमुख सुहैल बुशरुई साहित्याचे अभ्यासक होते, खलील जिब्रान आणि येट्स हे कवी त्यांचे विषय. २०१२मध्ये तिथे आलेल्या हुदा महमूदी समाजशास्त्राच्या. क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या मंडळींच्या पुढाकाराने इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डला १९७३मध्ये शांतता अभ्यासाचा विभाग सुरू झाला तेव्हा निवड झाली ॲडम कर्ल यांची. ते स्वतः क्वेकर होते हे खरं, पण नायजेरिया-बियाफ्रा युद्धात मध्यस्थी करून आलेलेही होते.

तुमची जागा नेमकी कसली आहे, यावर पुढचं बरंच ठरतं. अध्यासन असेल, म्हणजे व्याख्यानमाला, परिषदा, ग्रंथ संपादन, तर पहिल्या गठ्ठ्यातला माणूस शोभून दिसेल. एम.ए.चा वर्ग असेल, दरवर्षी पंधरा-वीस प्रबंध बाहेर पडणार असतील, तर माझा कौल हळूहळू दुसरीकडे झुकत गेला. कारण एकच आहे आणि वरवर क्षुल्लक वाटेल: विद्यार्थ्यांच्या प्रश्नावल्या.

विद्यार्थी मिश्र वस्तीत मुलाखती घ्यायला निघतो. त्याचा पहिला प्रश्न असतो, 'शांततेसाठी एकता आवश्यक आहे असं आपल्याला वाटतं का?' याला नाही कोण म्हणणार? चाळीस मुलाखतींत चाळीस होकार येतात, आणि 'समाजाला एकतेचं महत्त्व पटलेलं आहे' असा निष्कर्ष प्रबंधात जाऊन बसतो. ग्रंथांचा अभ्यासक हा प्रश्न बहुधा तसाच सोडतो, कारण विधान त्याला मनापासून खरं वाटतं. क्षेत्रात काम केलेला तो खोडतो आणि समासात लिहितो: 'गेल्या महिन्यात दुसऱ्या समाजाच्या दुकानातून काय आणलंत? त्यांच्याकडच्या शेवटच्या लग्नाला कोण गेलं होतं?' आता उत्तरं वेगवेगळी येतात. कुणी गप्प बसतो, कुणी विषय बदलतो, आणि ते गप्प बसणंही टिपता येतं. संमतीपत्र स्थानिक भाषेत हवं, शेजाऱ्यांसमोर मुलाखत नको, रेकॉर्डिंग आणि नावांची यादी एका ठिकाणी ठेवायची नाही, या गोष्टीही त्याच्या अंगवळणी पडलेल्या असतात. बाहेरच्या परीक्षकाने सदोष प्रश्नावलीमुळे प्रबंध परत पाठवला की विद्यार्थ्याचं सत्र जातं. मी पाहिलेल्या अडचणींत हीच सर्वांत जास्त वेळा आली. कदाचित तुमच्याकडे वेगळं असेल.

दुसऱ्या गठ्ठ्याचीही दुखणी आहेत. चांगले उमेदवार 'बहाई-प्रेरित' हा शब्द वाचूनच मागे फिरतात. धर्म स्वीकारावा लागेल असं त्यांना वाटतं. म्हणून जाहिरातीच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा, की संस्था बहाई तत्त्वांवर चालते, पण पदासाठी बहाई असण्याची अट नाही. दुसरी बाब राजकारणाची. बहाई लोक पक्षीय राजकारणापासून दूर राहतात. बाहेरून आलेल्या प्राध्यापकाला ते बंधन नाही आणि तो एखाद्या पक्षाच्या पत्रकावर सही करू शकतो. सही वैयक्तिक नावाने चालेल, विद्यापीठाच्या नावाने नाही, हे नियुक्तिपत्रातच येऊ द्या. नंतर तोंडी सांगायला गेलं की मनं दुखावतात.

मुलाखतीचा एक दिवस असा लावावा. आठवडाभर आधी सगळ्यांना दोनच मजकूर पाठवा: हेगचं पत्र आणि गाल्टुंग यांचा हिंसेवरचा १९६९चा लेख. त्यावर खऱ्या विद्यार्थ्यांसमोर चाळीस मिनिटांचा तास, मग वीस मिनिटं प्रश्न. जेवणानंतर आठ प्रश्नांची, मुद्दाम बिघडवलेली प्रश्नावली हातात द्या, लाल पेन द्या, अर्धा तास द्या. प्रकाशनांच्या यादीतून जे कळत नाही ते या अर्ध्या तासात कळतं. तीन शिफारसपत्रांपैकी निदान एक बहाई समाजाबाहेरच्या माणसाचं असावं. मार्चमध्ये नवरोजच्या, म्हणजे बहाई नववर्षाच्या, आधीचे एकोणीस दिवस मुलाखत ठेवू नका. बहाई उपवासामुळे निम्मी समिती सूर्योदयापासून उपाशी असते आणि पाहुण्याला एकट्याने जेवायला अवघड होतं.

समितीच्या परामर्शाबद्दलही, म्हणजे एकत्र विचारविनिमय करून निर्णय घेण्याच्या बहाई पद्धतीबद्दलही, सांगायला हवं. मांडलेली कल्पना मांडणाऱ्याची राहत नाही, सगळ्यांची होते, ही रीत सुंदर आहे. पण ज्येष्ठ सभासद आधी बोलले की बाकीचे आपलं मत गिळतात. प्रत्येकाने आधी कागदावर गुण आणि दोन ओळींचं कारण लिहावं, मग बोलायला बसावं. बहाई निवडणुकांत उमेदवारी आणि प्रचार नसतो. त्या सवयीने काही जण इथेही नावांची उघड तुलना टाळतात. नेमणूक ही निवडणूक नव्हे. इथे तुलना करावीच लागते.

पैशाचा हिशेबही दुसऱ्या गठ्ठ्याकडेच झुकतो. ग्रंथांचा जाणकार सत्राच्या सुरुवातीला दोन आठवड्यांसाठी पाहुणा म्हणून बोलावता येतो. हेगच्या पत्राचे सहा तास तो घेईल आणि उत्तम घेईल. प्रबंधाचा मार्गदर्शक असा उसना मिळत नाही. विद्यार्थी गावातून परततो, निम्म्या मुलाखती वाया गेल्याचं त्याच्या लक्षात येतं, आणि त्या दिवशी मार्गदर्शक त्याच्या खोलीत सापडावा लागतो.