तान्ह्या बाळाच्या मांडीवरचा सेन्सर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या मुलाला सातव्या आठवड्यात नवजात मधुमेहाचे निदान झाले. तो दूध ओढत नव्हता, श्वास जोरात चालला होता आणि लंगोट मात्र सारखे ओले होत होते. कसला तरी संसर्ग झाला असावा अशा समजुतीने आम्ही त्याला रुग्णालयात नेले, तर टाचेतून घेतलेल्या थेंबावर मीटरने आकडा न दाखवता ‘हाय’, म्हणजे साखर मोजता येणार नाही इतकी जास्त, एवढीच अक्षरे दाखवली. सुमारे लाखात एका बाळाला होणारा हा आजार मोठ्या मुलांमधल्या टाइप १ मधुमेहाहून वेगळा आहे. वयाच्या पहिल्या सहा महिन्यांत मधुमेह दिसला, तर त्यामागे बहुधा एखाद्या जनुकातला बदल असतो. दहाव्या आठवड्यात त्याच्या मांडीवर साखर मोजणारा सेन्सर लागला. आजवर असे २८ सेन्सर झाले. त्यांपैकी पाच मुदतीआधीच निकामी झाले आणि बाकीच्यांनी आपले दहा दिवस भरले.

सर्वप्रथम हे नोंदवायला हवे, की आम्ही वापरतो तो सेन्सर अधिकृतपणे दोन वर्षांवरील मुलांसाठी आहे. आमच्या डॉक्टरांनी तो पूर्ण विचार करून, दर आठवड्याला आलेख स्वतः तपासण्याच्या अटीवर लावला. केवळ हा अनुभव वाचून कोणी आपल्या मनाने तो लावू नये.

सेन्सरच्या आधीचे तीन आठवडे आठवले, की अजूनही त्याच्या टाचा डोळ्यांसमोर येतात. दिवसातून दहा-बारा वेळा सुई टोचून त्यांवर काळपट ठिपक्यांची रांग उठली होती. इन्सुलिनची मात्रा इतकी बारीक होती, की नेहमीच्या इन्सुलिन पेनचे अर्धे युनिटही त्याला जास्त व्हायचे. म्हणून रुग्णालयातून इन्सुलिन दहा पट विरळ करून मिळत असे आणि सिरिंजवरची एक युनिटची रेघ प्रत्यक्षात एक दशांश युनिट असे. हे गणित रात्री तीन वाजता चुकू नये, म्हणून माझ्या नवऱ्याने सिरिंजच्या डब्यावर ते मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवले होते. त्यात अंगावर पिणारे बाळ नेमके किती प्यायले हे कोणालाच सांगता येत नाही, त्यामुळे इन्सुलिन पाजण्याआधी द्यावे की नंतर, हा प्रश्न दर वेळी नव्याने उभा राहायचा.

सेन्सर दर पाच मिनिटांनी एक आकडा देतो आणि त्याच्या शेजारी साखर चढते आहे, उतरते आहे की स्थिर आहे हे सांगणारा एक बाण दाखवतो. आठ महिन्यांनंतरचे माझे मत असे, की बाळाच्या बाबतीत आकड्यापेक्षा बाण अधिक उपयोगी आहे. सेन्सरची तार रक्तात नसते, ती त्वचेखालच्या द्रवात असते. त्यामुळे तिथली साखर रक्तातल्या साखरेच्या पाच ते पंधरा मिनिटे मागे चालते. पडद्यावर ९५ दिसत असताना बाण सरळ खाली असेल, तर रक्तात ते ७५ झालेले असू शकतात. उलट ७८ आणि आडवा बाण असेल, तर बाळाला झोपू द्यायला हरकत नसते. पहिल्या महिन्यात आम्ही आकड्यामागे धावलो आणि दोनदा गरज नसताना त्याला उठवून पाजले. बाण वाचायला शिकल्यावर घरातली धावपळ निम्म्यावर आली.

सेन्सर फसवतो कसा, तेही सांगते. एका रात्री अलार्म वाजला आणि पडद्यावर ४८ दिसले. मी बाळाला उचलून तोंडाशी धरणार, इतक्यात नवऱ्याने टाच टोचून पाहिली, तर मीटरवर ११२ होते. बाळ सेन्सरच्या मांडीवर कुशीला झोपले होते आणि त्याच्याच वजनाने तिथला द्रव दाबला गेला होता. त्याला दुसऱ्या कुशीवर वळवले आणि वीसेक मिनिटांत सेन्सरचा आकडा आपोआप वर आला. त्यानंतर आमचा नियम ठरला: बाळ कसे झोपले आहे ते आधी पाहायचे, मग टाच टोचायची आणि मगच काय करायचे ते ठरवायचे. त्याला घाम आला असेल, ते मलूल वाटत असेल किंवा नेहमीसारखे जागे होत नसेल, तर मात्र सेन्सर काय म्हणतो याची वाट पाहायची नाही. नवा सेन्सर लावल्यावर पहिले दोन तास तो काहीच दाखवत नाही आणि पहिल्या दिवसाचे आकडेही डळमळीत असतात. म्हणून आम्ही तो सकाळी बदलतो, रात्रीच्या तोंडावर कधीच नाही.

त्वचेची गोष्ट माहितीपत्रकात दोन ओळींत उरकलेली असते. तान्ह्या बाळाची कातडी पातळ, मांडी चिमूटभर आणि चिकटपट्टी मात्र मोठ्या माणसाच्या मापाची. तिसऱ्या सेन्सरनंतर लाल चौकोन उठला आणि तो आठवडाभर गेला नाही. आता आम्ही मांड्या आळीपाळीने वापरतो, खाली त्वचेचे रक्षण करणारा पातळ थर लावतो आणि काढताना पट्टी ओढत नाही. कडेला तेल लावून दहा मिनिटे थांबलो, की ती स्वतःच सुटते. अलार्मविषयी माझी तक्रार कायम आहे. ५५ च्या खालचा इशारा बंद करता येत नाही हे योग्यच. पण संपर्क तुटल्याचा इशाराही त्याच तातडीने वाजावा, हे मला अजून पटलेले नाही. बाळ त्याने उठत नाही, आम्ही मात्र उठतो.

सेन्सरचा सर्वांत मोठा उपयोग मला अपेक्षित नव्हता तिथे झाला. जनुकीय चाचणीत त्याच्या केसीएनजे-११ या जनुकात बदल आढळला. या बदलामुळे स्वादुपिंडातल्या पेशींवरची पोटॅशियमची वाट उघडीच राहते, त्यामुळे पेशीत इन्सुलिन तयार असूनही ते बाहेर पडत नाही. हा संबंध २००४ मध्ये उघडकीला आला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा बदल असलेल्या ४९ रुग्णांपैकी ४४ जणांचे इन्सुलिन ग्लायबेनक्लामाइडसारख्या मधुमेहाच्या जुन्या गोळीवर थांबवता आले, कारण ती गोळी तीच वाट दुसऱ्या बाजूने बंद करते. आमच्या बाळाला ती पाण्यात कालवून, रुग्णालयात ठेवून, दिवसागणिक मात्रा वाढवत दिली. पहिले तीन दिवस आलेखावर जुनेच डोंगर होते. चौथ्या दिवशी दूध प्यायल्यावर रेघ १८० पर्यंत चढली आणि कोणी काहीही न देता स्वतःहून खाली वळली. नर्सने मला हाक मारून तो पडदा दाखवला आणि आम्ही दोघी बराच वेळ त्या एका वळणाकडे पाहत राहिलो. नवव्या दिवशी इन्सुलिन थांबले.

म्हणूनच सहा महिन्यांच्या आत मधुमेह निघालेल्या बाळाची जनुकीय चाचणी व्हायलाच हवी, असा आग्रह आईवडिलांनी धरावा. सगळ्यांनाच ही गोळी लागू पडत नाही. काही जनुकांच्या बदलांत इन्सुलिनच द्यावे लागते, तर काही बाळांचा मधुमेह काही महिन्यांत ओसरतो आणि पुढे वाढत्या वयात परत येऊ शकतो.

गोळी सुरू झाल्यावर सेन्सर काढावा का, असे आम्ही विचारले होते. डॉक्टर नको म्हणाले आणि पंधरा दिवसांतच त्याचे कारण कळले. उलट्यांमुळे बाळाच्या पोटात दूध राहत नव्हते, पण गोळीचा परिणाम चालूच होता आणि बाण दुपारभर खालीच होता. त्या दिवशी आम्ही वेळेत रुग्णालयात पोहोचलो.

आता तो साडेदहा महिन्यांचा आहे, रांगतो आणि सेन्सरची कड त्याला सापडली आहे. गेल्या महिन्यातले दोन सेन्सर त्यानेच उपटले. त्यातला एक तर मला त्याच्या मुठीतून काढावा लागला. सध्या आम्ही सेन्सर पार्श्वभागाच्या वरच्या बाजूला, लंगोटाच्या कडेखाली लावतो, कारण तिथे त्याचा हात अजून पोहोचत नाही.