गारठ्यात खरखरणारा गिअर आणि द्वारकाजवळचं एक गॅरेज

निफाडकडे पारा पाच-सहा अंशांवर आला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि आमच्या जुन्या डिझेल गाडीचा गिअरबॉक्स कुरकुरायला लागतो. न्यूट्रलला घूंऽऽ, दुसरा टाकताना खर्रर्र, दांडाही जड. नाशिक येईपर्यंत सगळं गायब! मग मेकॅनिकला दाखवायचं काय? एका मोठ्या वर्कशॉपने तर आवाज न ऐकताच ‘बॉक्स खोलावा लागेल’ म्हणून पाच आकडी अंदाज हातात ठेवला.

नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्या चाचांनी वेगळंच सांगितलं. “गाडी रात्री इथंच ठेवा. सकाळी मीच पहिला स्टार्टर मारतो.” आणि खरंच, सातला कानटोपी घालून हजर. न्यूट्रलला क्लच दाबला, सोडला, परत दाबला. दाबल्यावर घूंऽऽ बंद, सोडल्यावर सुरू. म्हणजे तो आवाज इनपुट शाफ्टच्या, म्हणजे इंजिनाची फिरकी गिअरबॉक्समध्ये आणणाऱ्या दांड्याच्या, बेअरिंगचा. क्लच दाबल्यावर काम करणारं रिलीज बेअरिंग असतं तर उलट झालं असतं, दाबल्यावर वाढला असता.

दुसऱ्या गिअरची खरखर मात्र तेलाची निघाली. मॅन्युअलमध्ये ७५डब्ल्यू-८० (हा तेलाचा दाटपणा), जीएल-४ (हा तेलाचा दर्जा) लिहिलंय. आत कुणीतरी त्याहून दाट ८०डब्ल्यू-९० ओतलेलं. थंडीत ते काकवीसारखं होतं. सिंक्रोनायझरच्या (गिअर पडण्याआधी दोन्ही भागांचा वेग जुळवणाऱ्या जोडणीच्या) रिंगेखालून तेलाचा थर चटकन सरकत नाही, रिंग पकड घेत नाही, मग दात दातांवर घासतात. जीएल-५ डबा स्वस्तात मिळतो म्हणून मी विचारलं, तर चाचांनी हातच जोडले. त्यातल्या काही तेलांची गंधकाची रसायनं पितळी रिंगा खातात म्हणे.

काम बघण्यासारखं होतं. आधी तेल भरायचा वरचा बोल्ट सैल केला, मगच तेल काढायचा खालचा. वरचा जाम निघाला तर तेल सांडून गाडी अडकते, हे किती जण पाहतात? खालच्या बोल्टच्या चुंबकावर राखाडी लगदा होता, तुकडे नव्हते. लगदा चालतो, तुकडे दिसले तर बॉक्स खोलायचा. नवं तेल भरायच्या भोकातून ओघळेपर्यंत भरलं.

आता पहाटेही दुसरा गिअर मुकाट पडतो. घूंऽऽ आहेच. “तेलाने बेअरिंग नवं होत नाही, आवाज वाढला तर या,” असं चाचांनी आधीच बजावलं होतं. हे सांगणारा माणूस मला त्या अंदाजपत्रकापेक्षा भरवशाचा वाटतो.

तक्रारी आहेत. पक्कं बिल मागून घ्यावं लागतं, बसायला टायरशिवाय काही नाही, आणि फोन कुणी उचलत नाही. तुमचाही आवाज फक्त पहाटेचाच असेल तर आदल्या रात्री आठच्या आत गाडी लावा. एकदा शटर पडलं की ते कुणासाठी उघडत नाहीत.