मोहरी रंग घरात आणायचा: भिंतीवर, पडद्यावर की सोफ्यावर?

मोहरी रंग घरात हवा, एवढं बहुतेकांचं पटकन ठरतं. अडतं ते पुढे. हॉलची एक भिंत रंगवायची, पडदे शिवून घ्यायचे की नवा सोफाच त्या रंगात घ्यायचा? तिन्हींचा खर्च वेगळा, आयुष्य वेगळं, आणि बेत फसला तर निस्तरण्याचा त्रासही वेगळा. माझं मत आधीच सांगते: या रंगावर उजेड पडायला हवा. उजेड त्याच्या मागून किंवा त्याच्यातून आला की रंग बिघडतो.

मोहरी म्हणजे लोणच्यात घालतो त्या मोहरीच्या डाळीचा रंग, पिवळा पण तपकिरी झाक असलेला. लिंबू रंग उजेड परत फेकतो, हा बराचसा पिऊन टाकतो. त्यामुळे अंधाऱ्या खोलीत तो पिवळा न दिसता मळकट, शेवाळी दिसतो. खोली उजळ दिसावी म्हणून मोहरी घेत असाल तर घेऊ नका. त्या कामाला मोतिया किंवा फिकट लिंबू बरा. मोहरीनं खोलीला ऊब येते, आणि ती मात्र फार सुंदर येते.

भिंत

एकच भिंत रंगवायची असेल तर खिडकीच्या समोरची निवडा. बरेच जण खिडकी असलेलीच भिंत रंगवतात, कारण तिथे टीव्ही किंवा पलंग नसतो आणि ती मोकळी दिसते. पण खिडकीतून येणाऱ्या झगझगाटाशेजारी ती भिंत दिवसभर काळवंडलेली दिसते. समोरच्या भिंतीवर तोच रंग, त्याच डब्यातला, खुलतो. उजेडाची दिशाही बघा. उत्तरेच्या खिडकीचा उजेड थंड, निळसर असतो, त्यात मोहरी हिरवट वाटतो. पश्चिमेच्या उन्हात संध्याकाळी तो जवळजवळ केशरी होतो.

शेडकार्डावरच्या बोटभर चौकोनावर विश्वास ठेवू नका. मोठ्या भिंतीवर तोच रंग जास्त गडद वाटतो, म्हणून मनात भरलेल्या शेडपेक्षा एक पायरी फिकी घ्या. त्याआधी सॅम्पलचा छोटा डबा आणून, पुट्टी-प्रायमर झालेल्या भिंतीवर दोन फूट बाय दोन फुटांचा तुकडा दोन हात मारून रंगवा. सकाळी दहाला बघा, दुपारी चारला बघा, आणि रात्री घरातलाच दिवा लावून बघा. हे शेवटचं सर्वात महत्त्वाचं. आपल्याकडे बहुतेक हॉलमध्ये 6500 केल्विनचा (दिव्याचा उजेड पिवळसर की निळसर हे सांगणारा आकडा) पांढरा एलईडी असतो. त्याखाली मोहरी आजारी दिसतो. 2700 ते 3000 केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली तो गहिरा दिसतो. दिवा बदलायची तयारी नसेल, तर ही भिंत रंगवू नका असंच मी म्हणेन.

टिकण्याच्या बाबतीत भिंत पडद्यापेक्षा कितीतरी पुढे आहे. मातकट पिवळे रंग बहुधा लोहाच्या ऑक्साइडपासून बनतात, म्हणजे जुन्या घरांत चुन्यात कालवायचे त्या पिवडीचंच, पिवळ्या मातीचंच, हे भावंड. ते उन्हानं सहजासहजी उडत नाही. भडक पिवळ्यात वेगळी, सेंद्रिय रंगद्रव्यं जास्त असतात. त्यांतली बरीचशी उन्हात फिकी पडतात आणि खालचा थर नीट झाकत नाहीत, म्हणून रंगारी तिसरा हात मागतो. दोन शेडमध्ये अडला असाल तर मातीकडे झुकणारी घ्या. दहा बाय बारा फुटांच्या भिंतीला दोन हातांसाठी साधारण लिटरभर इमल्शन, म्हणजे प्लास्टिक पेंट, लागतं. फिनिश मॅटच घ्या. चकचकीत रंगात पुट्टीचा प्रत्येक उंचवटा दिसतो.

दोन इशारे. मुंबईत, कोकणात भिंतीला ओल असेल तर आधी गळती काढा. पांढऱ्या भिंतीवर न दिसणारा खार मोहरीवर पांढऱ्या नकाशासारखा उठून दिसतो, आणि गडद रंगावर नुसता तेवढाच भाग रंगवला तर पॅच लपत नाही. दुसरा इशारा जुन्या इमारतींसाठी. पूर्वी पिवळ्या ऑइलपेंटमध्ये शिशाचं क्रोमेट सर्रास असे. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दशलक्ष भागांत 90 भागांच्या आत ठेवायचा नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीचा जुना पिवळा थर काढायचा असेल तर कोरडा घासू देऊ नका. पाणी मारून घासायला सांगा आणि मुलांना त्या दिवसांत दुसरीकडे ठेवा.

जांभ्या दगडाचं, चुन्याच्या गिलाव्याचं गावचं घर असेल तर इमल्शनचा विचारच सोडा. तिथे चुन्यात पिवडी कालवून मारा. भिंतीतला दमटपणा चुन्यातून बाहेर पडतो, प्लास्टिकचा थर मात्र फुगतो आणि पापुद्रे सुटतात. पणजीच्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीत पिवळ्या भिंती, पांढऱ्या कडा आणि वर कौलं असलेली घरं बघून या. तो पिवळा उन्हात इतका शोभतो, कारण त्याच्याभोवती पांढऱ्याची चौकट आहे. घरात मोहरी भिंत केलीत तर दाराची चौकट आणि छत शुभ्र ठेवा.

पडदे

पडद्यांचा फायदा उघड आहे: आवडले नाहीत तर काढता येतात. अडचण अशी की पडदा उजेडाच्या वाटेत लटकतो. बिनअस्तराचा सुती मोहरी पडदा दुपारी ओढून बघा. सगळी खोली पिवळी होते, पांढरी चादर जुनी वाटते, माणसांचे चेहरे काविळीसारखे दिसतात. आरशासमोर तयार होताना किंवा व्हिडिओ कॉलवर हे फार खटकतं. उपाय सोपा आहे, पांढरं किंवा फिकट राखाडी जाड अस्तर लावा. रंग खोलीच्या बाजूनं दिसतो, उजेड त्यातून गाळून येत नाही, आणि ऊन आधी अस्तर झेलतं.

कापडाचा रंग कशाचा आहे हे दुकानात विचारा. नैसर्गिक रंगाचं म्हणून हळदीत रंगवलेलं कापड खिडकीला लावू नका. पदराला पडलेला हळदीचा डाग उन्हात वाळत घातला की फिका होतो, हे घरोघरी माहीत आहे, पडद्याचंही तेच होईल. डाळिंबाच्या सालीचा, तुरटी लावून बसवलेला पिवळा त्यापेक्षा टिकाऊ, आणि त्याची छटाही मोहरीच्या जवळची. तरी पश्चिमेच्या खिडकीत कुठलाही पिवळा पडदा चुण्यांच्या कडांवर आधी विटतो. तिथे दुसरा रंग लावा.

सोफा

तीन आसनी मोहरी सोफा दुकानात देखणा दिसतो, कारण तिथे त्याच्यावर खास दिवे सोडलेले असतात. घरी तो हॉलचा निम्मा भाग व्यापतो आणि पुढची कितीतरी वर्षं प्रत्येक रंग त्याला विचारून घ्यावा लागतो. माझा सल्ला नको असाच आहे. खिडकीजवळ एक मोहरी खुर्ची, किंवा राखाडी सोफ्यावर दोन-तीन उशांना मोहरी खोळी, यात तोच आनंद मिळतो.

खालची फरशी

पर्याय कोणताही घ्या, शेवटी रंग ठरतो तो फरशीशेजारी. शहाबादी किंवा काळसर कडप्पा असेल तर मोहरीला याहून चांगली जोड नाही. करड्यावर तो शांत आणि भरदार दिसतो. कोटा फरशी हिरवट असते, तिच्यावर मोहरीची हिरवट झाक वाढते, म्हणून थोडी केशरीकडची शेड निवडा. खरी पंचाईत होते नव्या फ्लॅटमधल्या क्रीम व्हिट्रिफाइड टाइल्सवर. क्रीम फरशी, क्रीम भिंती आणि मोहरी पडदे म्हणजे सगळंच पिवळट. तिथे मोहरीच्या जोडीला गडद निळा किंवा बाटली हिरवा हवाच, निदान सतरंजीत तरी. सागवानी फर्निचर मोहरीजवळ छान बसतं, लालसर सनमायका मात्र भडक दिसतो.

अकरा महिन्यांच्या कराराचं घर असेल तर भिंतीचा विचार करू नका. मोहरीवर पुन्हा पांढरा आणायला प्रायमर आणि वर दोन-तीन हात लागतात, आणि तो खर्च बहुतेक वेळा डिपॉझिटमधून कापला जातो. तिथे अस्तराचे पडदे शिवा आणि उंची दाराच्या मापाची, सात फुटांची ठेवा. खाली चार बोटं जास्तीची दुमड ठेवलीत तर पुढच्या घरातही ते लागतील.