व्हिममधलं एनक्रिप्शन : सात महिने वापरून झाल्यावर

मागच्या महिन्यात लॅपटॉपची स्क्रीन गेली. नाशिकच्या कॅनडा कॉर्नरजवळच्या दुकानदाराने 6,500 रुपये सांगितले आणि वर लॉगिनचा पासवर्ड मागितला. “ताई, त्याशिवाय टेस्टिंग कसं करणार?” नवी स्क्रीन चालते की नाही, हे लॉगिनच्या पानावरही कळतं. अर्धा तास वाद घातला. पण जीएसटी रिटर्नची 20 तारीख तोंडावर आलेली, म्हणून शेवटी दिला. धीर एकाच गोष्टीचा होता. माझ्या 41 क्लायंटचे पोर्टलचे पासवर्ड ज्या फाइलीत आहेत, ती व्हिम या टेक्स्ट एडिटरमध्ये एनक्रिप्ट केलेली होती, म्हणजे चावी (पासवर्ड) दिल्याशिवाय वाचता येणार नाही अशी.

सोय म्हणाल तर उत्तम. कोलन देऊन कॅपिटल एक्स, चावी दोनदा टाइप करा, सेव्ह करा. वेगळं सॉफ्टवेअर नको, दरवर्षीची वर्गणी नको. (स्मॉल एक्स दिलात तर फाइल नुसती सेव्ह होऊन बंद होते, तेवढं सांभाळा.) व्हिमच्या एनक्रिप्शनच्या पद्धतींपैकी झिप ही जुनी पद्धत कच्ची आहे. 2010 साली व्हिमच्या 7.3 आवृत्तीत आलेल्या ब्लोफिशमध्येही दोष निघाला, म्हणून पुढे ब्लोफिश2 आलं. मी तेच वापरत होते.

डिसेंबरात पहिला दणका बसला. चावी चुकली तरी ब्लोफिश2 अडवत नाही; फाइल उघडते आणि समोर नुसता कचरा. हाताच्या सवयीने सेव्ह केलं आणि मजकूर गेला. पेनड्राइव्हवर प्रत होती म्हणून निभावलं. एक्सचाचा20 पद्धत चुकीच्या चावीला फाइल उघडूच देत नाही, पण त्यासाठी व्हिम लिबसोडियम या एनक्रिप्शनच्या लायब्ररीसकट बनवलेलं लागतं. माझं तसं नव्हतं.

तरीही तोवर मी पाचपैकी चार तारे दिले असते.

लॅपटॉप परत आला त्या रात्री होम फोल्डरमधल्या लपलेल्या फाइली चाळत होते. त्यात विमइन्फो दिसली, व्हिम स्वतःच्या आठवणीसाठी ठेवतं ती. साधी टेक्स्ट फाइल. उघडली, तर दिंडोरीच्या एका कृषी सेवा केंद्राचा यूजर आयडी आणि पासवर्ड, जसाच्या तसा. त्याखाली आणखी आठ जणांचे.

व्हिममध्ये ओळ कापली की ती रजिस्टरमध्ये, म्हणजे कापलेला मजकूर ठेवायच्या कप्प्यात, जाते. शेवटच्या नऊ कापलेल्या ओळी 1 ते 9 क्रमांकांत राहतात आणि व्हिम बंद करताना विमइन्फोत उतरतात, पुढच्या वेळी चिकटवता याव्यात म्हणून. दुरुस्तीला देण्याच्या आदल्या दिवशी मी यादी गावांनुसार लावली होती, ओळी कापून, खाली चिकटवून. मूळ फाइल कुलपात आणि तिच्यातल्या नऊ ओळी शेजारी उघड्यावर! दुकानदाराने पाहिलंच असं मी म्हणत नाही. पण लॅपटॉप तीन दिवस तिथे होता आणि लॉगिन मी स्वतः दिलं होतं.

विमइन्फो एनक्रिप्ट होत नाही, हे व्हिमच्या मदतपानात लिहिलेलं आहे. मान्य. पण पद्धत कच्ची असेल तर हेच व्हिम आपणहून इशारा देतं. मग याबद्दल एक ओळ का नाही? ज्याला चावी लावायची आहे, त्याला तेव्हाच कळायला नको? माझा सगळा राग या एका न दिलेल्या ओळीवर आहे आणि तो कमी होत नाही.

आता व्हिमचं स्वतःचं एनक्रिप्शन सोडलं. जीएनयूपीजी (जीपीजी) या एनक्रिप्शनच्या वेगळ्या प्रोग्रॅमचं व्हिमसाठीचं प्लगइन घेतलं, तेही फुकट. अशी फाइल उघडताना ते विमइन्फो, स्वॅप आणि अनडू (मजकुराचे जादा तुकडे साठवणाऱ्या) फाइली स्वतःच बंद ठेवतं. शिवाय जीपीजी असलेल्या कुठल्याही मशीनवर फाइल उघडते. व्हिमच्या चावीची फाइल निओव्हिम हे व्हिमचंच भावंडसुद्धा उघडत नाही, त्यांनी ती सोयच काढून टाकली आहे. जीपीजीचा एजंट (मागे चालणारा प्रोग्रॅम) चावी 10 मिनिटं लक्षात ठेवतो, ते मला फार वाटलं. एका मिनिटावर आणलं.

नऊच कशाला, सगळ्या 41 जणांचे पासवर्ड बदलायला घेतले. प्रत्येकाचा ओटीपी त्याच्या मोबाइलवर, आणि इकडे द्राक्षांचा खुडा जोरात. गाडी भरता भरता लोकांनी आकडे सांगितले, कुणी कुरकुर केली नाही. 40 झाले. पिंपळगावच्या एका काकांचा राहिलाय. ओटीपीचा नंबर पुण्याला मुलाकडे आहे आणि तो रात्री नऊनंतरच फोन उचलतो.