कोरा ताणकाटा असलेलं फिजिक्स किट: वापरून कसं वाटलं

फिजिक्सची सुरुवात करणाऱ्यांसाठी जे मेकॅनिक्स किट मिळतात त्यातलं एक आम्ही पोरांसोबत भरपूर वापरलं. एक मीटरचा ट्रॅक, ट्रॉली, टिकर टाइमर (कागदाच्या पट्टीवर ठरावीक वेळाने ठिपके मारणारं यंत्र), दोन स्प्रिंग, 50 ग्रॅमची वजनं, स्टॉपवॉच आणि एक ताणकाटा, म्हणजे स्प्रिंग किती ताणली त्यावरून बल दाखवणारा काटा. मला सगळ्यात जास्त आवडला तो ताणकाटा, कारण त्यावर आकडेच नाहीत! कोरी पट्टी. एकेक वजन लटकवायचं, काटा थांबेल तिथे पेन्सिलने रेघ मारायची, 50 ग्रॅमला साधारण 0.49 न्यूटन, आणि रेघा सारख्याच अंतरावर पडत गेल्या की हूकचा नियम (जेवढं बल वाढेल त्या प्रमाणात स्प्रिंग ताणते) पोरांनी स्वतःच शोधल्यासारखा होतो, पाठ करायला लागतच नाही.

मग ट्रॉली. ट्रॅकचं एक टोक 10 सेंमी उचललं, ट्रॉलीमागे कागदाची पट्टी लावली आणि सोडली. टाइमर सेकंदाला 50 ठिपके मारतो, म्हणजे दहा गॅपांना 0.2 सेकंद, तेवढे तेवढे तुकडे कापून शेजारी शेजारी चिकटवायचे. लांबी आली 1.8, 5.4, 9, 12.6 सेंमीच्या जवळपास, म्हणजे प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा साधारण 3.6 सेंमीनेच मोठा, आणि त्वरण एकसमान आहे म्हणजे नक्की काय ते हाताने कापलेल्या कागदावर दिसतं. हेच 1:3:5:7 गॅलिलिओने टाइमर नसताना काढलं, 1638 च्या पुस्तकात त्याने लिहिलंय की भांड्यातून पडलेलं पाणी तोलून वेळ मोजला, हे पोरांना जरूर सांगा.

पण खरी मजा दोन्ही जोडल्यावर आहे. आपणच आखलेला ताणकाटा त्याच उतारावर 500 ग्रॅमच्या ट्रॉलीला अडकवून तिला धरून ठेवा, अर्ध्या न्यूटनच्या आसपास बल दिसतं, त्याला 0.5 किलोने भागलं की त्वरण जवळपास 0.98 मी/से² यायला हवं. कागदावरून येतं 0.9 (3.6 सेंमी म्हणजे 0.036 मीटर, त्याला 0.2 सेकंदाच्या वर्गाने भागायचं). हा फरक का, तर चाकांचं आणि पट्टीचं घर्षण, आणि यावर पोरं जी चर्चा करतात ती खरी शिकवणी. मॅन्युअलमध्ये मात्र हे दोन प्रयोग दोन वेगळ्या चॅप्टरमध्ये टाकलेत, जोडायचं कुठेच सांगितलेलं नाही, हे मला अजिबात पटलं नाही.

स्टॉपवॉच बाजूला ठेवा. ट्रॉली दीड सेकंदात खाली येते आणि बोटाचाच उशीर 0.2 सेकंदाच्या आसपास असतो, मग कसला आकडा येणार!

बारीक स्प्रिंगबद्दल एक सूचना हवी होती ती नाहीये: जास्त वजन टाकलं तर ती लवचिकतेची मर्यादा ओलांडते, परत मूळ लांबीवर येत नाही. त्यामुळे प्रत्येक वजनानंतर ते काढून लांबी पुन्हा मोजत जा. रबरबँडही दिलाय, तो स्प्रिंगनंतरच घ्या, कारण वजन वाढवताना आणि उतरवताना त्याची रीडिंग वेगवेगळी येतात आणि ग्राफ सरळ रेषेत बसत नाही, स्प्रिंगचा ग्राफ आधी काढलेला असला तरच त्यातलं वेगळेपण कळतं.