काचबिंदूचे थेंब चालू असताना एसएलटी लेसर घ्यावा का?

आधीच थेंब टाकणाऱ्यांसाठी एसएलटी लेसर (सिलेक्टिव्ह लेसर ट्रॅबेक्युलोप्लास्टी, म्हणजे डोळ्यातलं पाणी जिथून बाहेर जातं त्या जाळीवर लेसर मारून डोळ्याचा दाब उतरवणं) चांगला उपचार आहे. मात्र ‘थेंबांपासून कायमची सुटका’ असं कुणी सांगितलं, तर लगेच हो म्हणू नका. 2019 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ब्रिटनमधल्या अभ्यासात लेसर घेतलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोक तीन वर्षं थेंबांशिवाय राहिले, हे खरं. पण ते सगळे नवे रुग्ण होते. थेंबांनी दाब आधीच 15-16 मिमी पाऱ्यापर्यंत उतरला असेल, तर लेसरने आणखी फारसा उतरत नाही. इथे खरा फायदा म्हणजे दोनपैकी एखादी बाटली कमी होणं. टिमोलॉलने दम लागणाऱ्या, लॅटानोप्रोस्टने डोळे लाल होणाऱ्या किंवा थरथरत्या हातांमुळे थेंब गालावर सांडणाऱ्या माणसासाठी तेवढंही खूप आहे.

आधी गोनिओस्कोपी झालीच पाहिजे, म्हणजे डोळ्यावर भिंग टेकवून कॉर्निया (पुढचा पारदर्शक पडदा) आणि आयरिस (रंगीत पडदा) यांच्यामधला, जाळी असलेला कोन तपासणं. एसएलटी उघड्या कोनाच्या काचबिंदूसाठी आहे. बंद कोनात याग लेसरने आयरिसला बारीक छिद्र पाडतात, तो उपचार वेगळा. बोलताना दोन्हींना नुसतं ‘लेसर’च म्हणतात, म्हणून कोणता ते विचारून घ्या. डोळ्यात सूज (युव्हायटिस) असेल किंवा मधुमेहामुळे कोनात नव्या रक्तवाहिन्या आल्या असतील, तर एसएलटी नको.

प्रत्यक्ष काम पाच-दहा मिनिटांचं. आधी ब्रिमोनिडिनसारखा दाब उतरवणारा थेंब, मग सुन्न करणारा. हनुवटी टेकवून बसायचं, जेल लावलेलं भिंग डोळ्यावर येतं, हिरवा प्रकाश लखलखतो आणि टिकटिक ऐकू येते. पूर्ण वर्तुळात साधारण 100 शॉट. सुरुवात बहुधा 0.8 मिलिज्यूलला, जाळीवर बारीक बुडबुडे उठले की ऊर्जा थोडी उतरवतात. कोनात रंगद्रव्य गडद असेल तर ती आणखी कमी ठेवावी लागते, नाहीतर दाब उसळतो.

म्हणूनच तासाभराने दाब मोजणं महत्त्वाचं. न मोजता घरी पाठवत असतील, तर थांबून मोजूनच निघा. नंतर दोन-तीन दिवस थोडी लाली, उजेडाचा त्रास होतो. दुखणं वाढलं किंवा दिसणं धूसर झालं तर त्याच दिवशी दाखवा.

सगळ्यात मोठी चूक त्यानंतर होते: लेसर झाला म्हणून थेंब बंद. परिणाम कळायला चार-सहा आठवडे लागतात आणि वाढलेला दाब बहुतेकांना जाणवतच नाही. नजर तर या लेसरने सुधारत नाहीच. गेलेली परत येत नाही. दृष्टिक्षेत्र बरंच गेलं असेल आणि दाब अगदी खाली हवा असेल, तर शस्त्रक्रियेचं बोलणं लांबवू नये.

असर काही वर्षांत ओसरतो. जुन्या आर्गॉन लेसरसारखे चट्टे पडत नसल्याने एसएलटी पुन्हा करता येतो. थेंब कमी करायचे ते डॉक्टरांच्या सांगण्यावरून, एका वेळी एकच, आणि प्रत्येक बदलानंतर काही आठवड्यांनी दाब मोजून.